बक्षीस की बकरा? तीन दारांच्या स्टॉलच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

आषाढी. खिचडी झाली, भगर झाली, दुपारी सगळे हॉलमध्ये पसरलेले. आईंनी (माझ्या सासूबाई) फोनवर 'कोण होणार करोडपती'चा जुना एपिसोड लावला होता, सचिन खेडेकरांचा, तो त्या अगदी मनापासून बघतात आणि उत्तर स्पर्धकाच्या आधी देतात. स्पर्धकाने फिफ्टी फिफ्टी घेतली, चारातले दोन पर्याय उडाले, आणि ओंकार (पुतण्या, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सध्या डोंबिवलीला आमच्याकडेच असतो) पटकन म्हणाला की आता याने मनातलं उत्तर सोडून दुसरं धरायला पाहिजे, हे तीन दारांचं कोडंच आहे (एका दारामागे बक्षीस, तुम्ही एक दार निवडता, मग सूत्रसंचालक उरलेल्यांतलं बक्षीस नसलेलं एक उघडून दाखवतो आणि विचारतो, बदलणार का?), बदललं की चान्स वाढतो. आई म्हणाल्या, "अरे मनातलं का सोडायचं? काहीतरी कुठेतरी वाचलेलं असतं म्हणूनच मनात येतं ना?" झालं, तासभर तेच. चहा गार झाला तरी कोणी उठेना.

मला दोघांचंही अर्धंच पटलं आणि नक्की कुठलं अर्धं ते सांगता येईना. मी दहावीच्या मुलांना घरी गणित शिकवते, संभाव्यतेचं प्रकरण दरवर्षी येतं, फासे, नाणी, पत्त्यांचा कॅट, मुलं नमुना अवकाश लिहितात, मार्क घेतात, पुढच्या प्रकरणाला लागतात. आणि इथे एका लाइफलाइनवरून आमच्या घरातल्या तीन पिढ्या भांडल्या. म्हणजे विषय कंटाळवाणा नाहीये, आपण तो चुकीच्या दारातून आत आणतो.

सोसायटीच्या गणपतीत मुलांचे स्टॉल लागतात, पाणीपुरी, रिंग टाका, भेळ. या वर्षी एक आपला लावायचा, टीव्हीवरच्या गेम शोचा, खरोखर खेळायचा. नोंदी ठेवते आहे, म्हणजे पुढच्या बॅचलाही उपयोगी पडतील.

१३ जुलै, रविवार

आठवडाभर रात्री वाचत होते, जे जमलं ते लिहून ठेवते.

मूळ शो अमेरिकेतला, 'लेट्स मेक अ डील', ३० डिसेंबर १९६३ ला एनबीसीवर सुरू झाला. सूत्रसंचालक मॉन्टी हॉल, जन्म कॅनडातल्या विनिपेगचा, १९२१ चा, स्टीफन हॅटोसबरोबर हा शो त्यानेच काढला. प्रेक्षकांतूनच माणसं निवडायची, आणि आपल्याकडे लक्ष जावं म्हणून लोक कायकाय वेष करून यायला लागले, कोंबडी बनून, गाजर बनून. दारामागे गाडी असू शकते नाहीतर शेळी, गाढव, मोडकी मोटार असलं काहीतरी, त्याला त्यांच्यात झॉन्क म्हणायचे. आपल्याकडेही याची हिंदी आवृत्ती स्टार प्लसवर आली होती, 'खुल जा सिम सिम', अमन वर्मा घ्यायचा. आमच्या घरी तेव्हा जेवणं त्या वेळेला धरून व्हायची.

कोडं म्हणून हे पहिल्यांदा मांडलं स्टीव्ह सेल्विन या संख्याशास्त्रज्ञाने, १९७५ मध्ये, 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'मध्ये पत्र लिहून. तीन खोके, एकात गाडीच्या किल्ल्या. तुम्ही एक निवडता, मॉन्टी उरलेल्यांपैकी एक रिकामा खोका उघडून दाखवतो, आता बदलायचं का? सेल्विन म्हणाला बदलल्यावर जिंकायची शक्यता तीनात दोन. लगेच वाचकांची पत्रं आली की तुमचं गणित चुकलंय, मग त्याच वर्षी त्याला दुसरं पत्र लिहून पुन्हा समजवावं लागलं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे खुद्द मॉन्टी हॉलनेही सेल्विनला पत्र लिहिलं आणि शेवटी बजावलं की माझ्या शोमध्ये कधी आलात तर तुम्हालाही नियम तोच, एकदा निवडल्यावर अदलाबदल नाही! म्हणजे ज्याच्या नावाने कोडं जगभर फिरतं त्याच्या शोमध्ये ते तसं खेळलंच जात नव्हतं. तो पैसे दाखवून माणसाचं मन वळवायचा, शंभर घे आणि दार सोड, दोनशे घे, पाचशे घे.

मग ९ सप्टेंबर १९९० ला 'परेड' मासिकातल्या आपल्या सदरात मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी एका वाचकाला उत्तर दिलं, बदला, तीनात दोन. त्यावर सुमारे दहा हजार पत्रं आली, हजाराच्या आसपास पीएचडीवाल्यांची, बहुतेकांचं म्हणणं बाई चुकल्या. बाई बरोबर होत्या. पॉल एर्डोशसारख्या गणितीलाही हे पटेना, त्याच्या वाझोनी नावाच्या मित्राने कॉम्प्युटरवर डाव खेळवून दाखवले तेव्हा कुठे त्याने मानलं. एर्डोशला जे सूत्राने पटलं नाही ते माझ्या दहावीच्या पोरांना सूत्राने कसं पटेल? तेव्हा डाव मांडायचाच.

२० जुलै, रविवार

पहिली चाचणी, डायनिंग टेबल. तीन स्टीलच्या वाट्या पालथ्या, एकीखाली काजू, दोहोंखाली काही नाही. ओंकारवर राज्य, म्हणजे काजू कुठे ते त्याला माहीत, आई खेळणार, मी वहीत लिहिणार. वीस डाव पहिल्यांदा बोट ठेवलेल्या वाटीवर ठाम राहायचं आणि वीस डाव बदलायचं असं ठरवलं.

पहिल्या दहातच गडबड कळली. आई न बदलता दहातले आठ जिंकल्या. मी म्हटलं आई, दिसतंय का काही? त्या म्हणाल्या, "अगं ही वाटी माझ्या लग्नातली, हिच्यावर नाव कोरलंय, आणि तो काजू हिच्याचखाली ठेवतोय सारखा, बोलू कशाला?" खरंच की, एका वाटीच्या काठाला 'सौ. कां.' आणि पुढे आईंचं माहेरचं नाव, अक्षरं झिजलेली, पण बोट फिरवलं की लागतात. ओंकारला कोरलेली वाटी मधे आली की तीच हाताला सोयीची वाटत होती, त्याला पत्ताच नव्हता.

दोन गोष्टी वहीत मोठ्या अक्षरात लिहिल्या. एक, तिन्ही वस्तू हुबेहूब सारख्या पाहिजेत. दोन, माणसाने मनाने ठेवलेली जागा ही यादृच्छिक नसते, कितीही ठरवलं तरी. कागदी द्रोण आणून पुन्हा सुरुवात.

द्रोणांवर मग चाळीस डाव झाले: ठाम राहून वीसात सात, बदलून वीसात तेरा. आईंना आकडे पटले, कारण पटलं नाही. "दोन द्रोण उरले की अर्धं अर्धंच असणार, हे तेरा म्हणजे नशीब." मी तेच तेच सांगत राहिले की पहिल्यांदा बोट ठेवलं तेव्हा चुकायची शक्यता तीनात दोन होती आणि ती तशीच राहते, त्या मान हलवत राहिल्या, पण ती मान हलवणं मी ओळखते, क्लासमधली मुलं तशीच हलवतात.

२७ जुलै, रविवार

आजची नोंद महत्त्वाची.

ओंकारला बाहेर जायचं होतं म्हणून राज्य आईंवर दिलं. काजू त्यांनी ठेवायचा, मी बोट ठेवणार, मग त्यांनी रिकामा द्रोण उचलायचा. पहिला डाव, मी मधल्यावर बोट ठेवलं, काजू डावीकडे होता. आईंचा हात डावीकडे गेला, थबकला, मग उजवीकडचा द्रोण उचलला. दुसरा डाव, परत तसंच, हात एकाच द्रोणाकडे जाऊ शकत होता. तिसऱ्या डावात माझं बोट काजूवरच होतं, तेव्हा त्या दोन्ही द्रोणांकडे आळीपाळीने बघत बसल्या, कुठला उचलू. चौथ्यात पुन्हा एकच. सहाव्या-सातव्या डावाला त्यांनी द्रोण खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, तू चुकलीस की मला काही निवडायलाच उरत नाही. काजू असलेला उचलायचा नाही, तुझा उचलायचा नाही, राहिला एकच. म्हणजे जो मी उचलत नाहीये तिथेच काजू! मी तर बोटाने दाखवतेच आहे."

मी तीन आठवडे जे समजावत होते ते त्यांना सात डावांत कळलं, आणि माझ्यापेक्षा नीट कळलं. तीनातल्या दोन वेळा राज्य असणाऱ्याचा हात बांधलेला असतो, आणि बांधलेला हात बोलतो. समोरून खेळणाऱ्याला दोन बंद दारं दिसतात, सारखीच, म्हणून अर्धं अर्धं वाटतं. मागून बघणाऱ्याला दिसतं की एक दार नुसतं उरलंय आणि दुसरं मुद्दाम वाचवलंय.

स्टॉलचा आराखडाच बदलला. आधी ठरलं होतं की लोक खेळतील आणि आम्ही बोर्डावर समजावू. आता असं की प्रत्येकाने आधी खेळायचं आणि मग दाराच्या मागे जाऊन दोन-तीन डाव राज्य घ्यायचं. बोर्डाची गरज नाही.

२९ जुलै, मंगळवार

ओंकारने पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला, प्रत्येक नियमाला एक लाख डाव, तीन नियम.

पहिला, राज्य असणाऱ्याला माहितीये आणि तो दर वेळी बकऱ्याचंच, म्हणजे बक्षीस नसलेलंच दार उघडतो. बदललं की तीनात दोन, छापलेला आकडा ०.६६७ च्या अगदी आसपास.

दुसरा, त्याला काहीच माहीत नाही, उरलेल्यातलं कुठलंही उघडतो. इथे तीनातल्या एका डावात बक्षीसच उघडं पडतं आणि डाव फुकट. जे डाव टिकतात, त्यांत बदललं काय न बदललं काय, अर्धं अर्धं. समोरून बघाल तर दृश्य अगदी सारखं, एक बकरा, दोन बंद दारं! पण उत्तर वेगळं.

तिसरा, तो खट आहे, तुम्ही बक्षिसावर बोट ठेवलंत तरच दार उघडून बदलायला सांगतो. मग बदलणारा कायम हरतो. हे नुसतं कल्पनेतलं नाही, १९९१ च्या जुलैमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चा बातमीदार मॉन्टी हॉलच्या बेव्हर्ली हिल्सच्या घरी गेला तेव्हा हॉलने जेवणाच्या टेबलावर हेच करून दाखवलं, छोटी पुठ्ठ्याची दारं, गाडीची किल्ली हे बक्षीस, आणि बकऱ्यांच्या जागी बेदाण्यांचं पाकीट आणि गोळ्यांची गुंडाळी. आणि बदलायची संधी द्यायची की नाही हे माझ्या हातात असेल तर तुमचं तीनात दोन कोसळतं, हा त्याचा मुद्दा होता, तो बरोबरच होता. आमच्या काजूला बेदाण्याचा जोडीदार मिळाला म्हणून आई खूश.

म्हणून स्टॉलवर नियम मोठ्या अक्षरात लिहायचा: सूत्रसंचालक दर वेळी एक बकरा दाखवणारच आणि दर वेळी विचारणारच. हे वाक्य नसेल तर कोडं अर्धवट.

३ ऑगस्ट, रविवार

आता मूळ भांडण, फिफ्टी फिफ्टी. कागदावर सोडवलं, वेळ लागला पण सुटलं.

समजा मला उत्तराचा काहीच पत्ता नाही आणि मनातल्या मनात नुसतंच 'अ' धरलं. 'अ' बरोबर असायची शक्यता चारात एक, आणि बरोबर असेल तर ते उरणारच. 'अ' चूक असायची शक्यता चारात तीन, पण कॉम्प्युटरला माझ्या मनातलं माहीत नाही, तो तीन चुकीच्या पर्यायांपैकी कुठलाही एकच ठेवतो, त्यामुळे चूक असूनही 'अ' उरायची शक्यता तीनात एक. चारात तीन गुणिले तीनात एक म्हणजे पुन्हा चारात एक. दोन्ही पारडी सारखी, अर्धं अर्धं. ओंकारचं म्हणणं इथे चुकलं, कारण मॉन्टी माझं दार मुद्दाम वाचवतो, कॉम्प्युटर माझं उत्तर वाचवत नाही, त्याने ते उडवलंही असतं.

आता आईंचं म्हणणं. समजा मनात काहीतरी आहे, 'अ' ला मी शंभरात चाळीस देते, बाकी तिघांना वीस वीस. दोन उडाले, 'अ' आणि 'क' उरले. प्रमाण चाळीसास वीसच राहतं, म्हणजे 'अ' ला तीनात दोन. बदललं तर तीनात एक! म्हणजे करोडपतीच्या खुर्चीत बसून कोणी तीन दारांचं शहाणपण वापरलं तर नुकसान. मनात काही असेल तर ते धरून राहायचं, आई पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होत्या.

जेवताना सांगितलं. आई म्हणाल्या, "मग?" एवढंच, आणि ओंकारला आणखी एक पोळी वाढली. त्यानेही पूर्ण पान बघून मान्य केलं आणि स्टॉलवर चार चिठ्ठ्यांचा फिफ्टी फिफ्टीचा कोपरा आपण चालवणार म्हणाला.

१० ऑगस्ट, रविवार

पूरक वाचन: मायकल लार्सन. ही गोष्ट मुलांना सांगायलाच पाहिजे.

१९८४, सीबीएसवरचा 'प्रेस युवर लक' नावाचा शो. मोठा बोर्ड, १८ चौकोन, दिवा उड्या मारतो, बटण दाबलं की थांबतो. चौकोनात पैसे असतील तर मिळाले, व्हॅमी नावाचं लाल कार्टून आलं तर ते नाचत येऊन सगळे पैसे घेऊन जातं. साधारण सहात एकदा व्हॅमी, म्हणून लोक चार-पाच वेळा दाबून थांबायचे. ओहायोचा हा लार्सन, आइस्क्रीमची गाडी चालवायचा, त्याने घरी व्हीसीआरवर एपिसोड रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा बघितले आणि त्याच्या लक्षात आलं की दिव्याच्या उड्या यादृच्छिक नाहीतच, पाचच ठरलेले क्रम आहेत, आणि दोन चौकोन असे आहेत जिथे व्हॅमी कधीच येत नाही. ते पाच क्रम त्याने पाठ केले, शोमध्ये गेला आणि चाळीसच्या वर वेळा व्हॅमी न लागता दाबत राहिला. खरोखर नशिबावर असतं तर चाळीस वेळा सुटायची शक्यता पाच षष्ठांशाचा चाळीसावा घात, जवळपास दीड हजारात एकदा. एकूण जिंकला १,१०,२३७ डॉलर. चॅनलवाल्यांनी नियम तपासले, त्याने कुठला नियम मोडलाय असं सापडेना, पैसे द्यावे लागले, मग बोर्डाचे क्रम वाढवले.

मुलांना मी हे सांगते तेव्हा ती हसतात आणि लगेच विचारतात, मग आपल्या स्टॉलची काही ट्रिक आहे का? हाच प्रश्न मला हवा होता. आम्ही बक्षिसाची जागा ओंकारने छापलेल्या यादीवरून ठरवणार होतो, तीस डावांची यादी, संपली की परत वरून. पहिल्याच संध्याकाळी कोणीतरी पाठ केली असती. यादी रद्द. मागे डब्यात फासा हलवायचा, १-२ आलं तर पहिलं दार, ३-४ दुसरं, ५-६ तिसरं.

१७ ऑगस्ट, रविवार

दारं आली. सुतारकाकांनी प्लायचे तुकडे कापून कडीसकट करून दिले, दीड फूट उंच, मागून फळी, फळीवर मावेल एवढा कप्पा. बिजागऱ्या तिन्हींच्या सारख्याच कुरकुरतात, मुद्दाम तपासलं, एक जास्त कुरकुरली असती तर वाटीसारखंच झालं असतं.

बकरे क्लासच्या मुलांनी काढले. 'बक्षीस की बकरा?' हे नावही त्यांचंच. मला काळजी होती ती बकरा झाला या बोलण्याची, आपल्याकडे कोणाचा बकरा झाला म्हटलं की तो माणूस लाजतो, आणि लाजलेला माणूस पुढचा डाव खेळत नाही, विचार तर नाहीच करत. मूळ शोमध्ये झॉन्क निघाला की सगळं सभागृह हसायचं, पण खेळणारा स्वतःच कोंबडी बनून आलेला, त्यामुळे तोही हसायचा. म्हणून ठरवलं की हसू यायला पाहिजे ते बकऱ्याच्या बोलण्यावर. मुलांनी प्रत्येक बकऱ्याच्या तोंडी एक वाक्य लिहिलं. "आत यायच्या आधी कडी वाजवायची." "मोदक शेजारच्यांकडे गेलाय, मी फक्त घर सांभाळतोय." "तुम्ही म्हणे दार बदलणार होतात?" हे तिसरं सातवीतल्या सईचं, सी विंगमधली, आणि ते सगळ्यात चाललं, कारण त्यात अख्खं कोडं आहे.

बक्षीस एक माव्याचा मोदक. बकरा लागला तर हात रिकामा जाऊ नये म्हणून बकऱ्याचा चारा, कोथिंबिरीची छोटी जुडी. कल्पना आईंची.

२४ ऑगस्ट, रविवार

पाऊस. प्लाय फुगलंय, कड्या घट्ट झाल्या, मेणबत्ती घासली. बाकी काही नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पहिली संध्याकाळ, आरतीनंतर साडेआठला उघडला. ऑफिसवाले आठ-सव्वाआठच्या गाड्यांनी उतरून थेट मंडपात येतात, त्यामुळे गर्दी बरी झाली. सूत्रसंचालक आई, इरकल नेसून, दारांच्या मागे उंच स्टुलावर. त्यांनी खेडेकरांसारखा पॉज घेतला की लोक आधीच हसायचे.

नऊच्या सुमाराला सई माझ्या कानाशी आली, म्हणाली, "काकू, आजींना जमेल तेव्हा त्या उजवीकडचंच दार उघडतात." पाहिलं तर खरं होतं. आईंचा डावा खांदा दुखतो, त्यामुळे दोन्ही दारांमागे बकरा असला की त्या सोपं असलेलं उघडायच्या. म्हणजे ज्या डावात त्या कष्ट घेऊन डावीकडचं उघडतात, त्यात उजवीकडे बक्षीस नक्की, शंभर टक्के! आणि उजवीकडचं सहज उघडलं तर उरलेल्या दोघांत अर्धं अर्धं. सईने हे बघून ठेवलं होतं आणि तीन मोदक जिंकले होते. रात्री कागदावर मांडलं तर एकूण सरासरी तरीही तीनात दोनच येते (तीनात एकदा नक्की, आणि तीनात दोनदा त्याचं अर्धं, मिळून तेवढंच), पण बघणाऱ्याला जास्त कळतं. सातवीतल्या मुलीने खांद्यावरून शक्यता वाचली. मला रात्री झोप लागेना इतका आनंद झाला.

उपाय: दोन बकरे असतील तेव्हा आईंनी मागे नाणं उडवायचं.

३० ऑगस्ट, शनिवार

आज जे झालं ते मी आयुष्यभर क्लासमध्ये सांगणार.

उद्या गौरी येणार, पावसाने कोथिंबीर चाळीस-पन्नासला जुडी, आणि आमची जुडी छोटी असली तरी ताजी, सकाळी मार्केटमधून आणलेली. बी विंगच्या काकू आल्या, दोन नंबरवर बोट ठेवलं, आईंनी तीन उघडलं, बकरा, विचारलं, बदलणार का? काकू म्हणाल्या, "नाही." आजूबाजूची पोरं ओरडायला लागली, काकू बदला, बदला, तीनात दोन! काकू शांतपणे म्हणाल्या, "मला मोदक नकोय, मला कोथिंबीर पाहिजे." दार उघडलं, बकरा. काकू जुडी घेऊन गेल्या आणि त्यांच्यामागे चार जणींची रांग लागली, सगळ्या ठाम, कोणी बदलेना.

आणि गणिताने त्या शंभर टक्के बरोबर आहेत! बकरा हवा असेल तर न बदलण्यातच तीनात दोन. पोरं आधी गोंधळली, मग सईने सगळ्यांना समजावलं की नियम 'बदला' असा नाहीच, आधी काय पाहिजे ते ठरवा. इतके दिवस मी बक्षीस म्हणजे बक्षीस धरून चालले होते, कोणाला काय मोलाचं आहे हा आकड्यांच्या आधीचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. वहीत हे डाव वेगळ्या रकान्यात लिहिले, 'कोथिंबीरवाले'.

३ सप्टेंबर, बुधवार

गौरी काल गेल्या, आज पुन्हा स्टॉल. राज्य घ्यायला लोक स्वतःहून मागे येतायत. दोन बाप आपल्या मुलांना बकरा दाखवायला आले आणि मुलांनीच त्यांना मागे नेलं. एक रिटायर्ड इंजिनिअर आजोबा अर्धा तास ठाम होते की दोन दारं म्हणजे अर्धं अर्धं, कितीही आकडे दाखवा. त्यांना आईंच्या स्टुलावर बसवलं. पाचव्या डावाला त्यांचा हात हवेत थांबला, तसाच जसा आईंचा थांबला होता, आणि ते हसायला लागले. काही बोलले नाहीत, नुसते हसत होते, मग खाली उतरून पुढच्याला म्हणाले, "आधी मागे जाऊन बस, मग खेळ."

ओंकारने मुलांना कबुतरांचं सांगितलं, अमेरिकेत २०१० मध्ये छापून आलेला प्रयोग, कबुतरांना हाच खेळ दाण्यांवर खेळवला आणि महिनाभरात ती जवळजवळ दर वेळी बदलायला शिकली, माणसं त्याच खेळात तितकी शिकली नाहीत. मुलांनी वर बघितलं, मंडपाच्या पत्र्यावर चार बसलीच होती.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. वही बेरजेला घेतली. कोथिंबीरवाले वगळून: बदलून खेळले ५८, जिंकले ३७. ठाम राहून ७१, जिंकले २५. कोथिंबीरवाल्या १४, सगळ्या ठाम, ९ जणींना जुडी मिळाली. फिफ्टी फिफ्टीच्या कोपऱ्यात ओंकारने ४० डाव घेतले, पैकी धरलेली चिठ्ठी १९ डावांत टिकली, त्यातली ९ बरोबर निघाली.

दारं माळ्यावर टाकायची नाहीत, क्लासच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली आहेत. दहावीच्या बॅचला संभाव्यता शिकवताना पहिल्या तासाला वही उघडायची नाही असं ठरवलंय.

संध्याकाळी सई आली, तिला चार दारं हवीत. बोट ठेवायचं, एक बकरा दाखवायचा, विचारायचं, मग दुसरा दाखवायचा, परत विचारायचं. दोन्ही वेळा बदलायचं की एकदाच, आणि कधी? आमच्याकडे दारं तीनच, म्हणून आई आत जाऊन चार वाट्या घेऊन आल्या, लग्नातली सोडून. ओंकार म्हणाला दोन्ही वेळा बदलायचं, जितकं बदलाल तितकं चांगलं. सई गप्प बसून राज्य घेऊन खेळली, आठ-दहा डाव, मग वहीच्या मागच्या पानावर स्वतःच मांडलं: दोन्ही वेळा बदललं तर आठात पाच, पहिल्यांदा गप्प राहून फक्त शेवटी बदललं तर चारात तीन. मी तपासलं, बरोबर आहे. आता ती विचारते आहे की दहा दारं असली तर, आणि आईंनी वाट्या मोजायला सुरुवात केली आहे.